शितावरून मोटारसायकलची परीक्षा

जुनी मोटारसायकल विकत घेण्यापूर्वी तिच्या तपासणीचा इतिहास पाहून घ्यावा, असे सगळे जाणते लोक सांगतात. गादीवाल्यांनी तो पाहिला. त्यानंतर गावात जे काही घडले त्याला गादीवाले एकटेच जबाबदार आहेत, असे गावाचे एकमत आहे. गावाचे कशावर तरी एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती, एवढे श्रेय मात्र त्यांना द्यायला हवे.

गादीवाल्यांचे दुकान बाजाराच्या तोंडाशी. जन्म कापसात गेल्यामुळे नुसते डोळ्यांनी पाहून त्यांचे भागत नसे. वस्तू हाताने दाबून पाहिली, की मगच त्यांचा विश्वास बसे. पाव दाबून घेत, चप्पल दाबून घेत. बायकोच्या भावाने नवा सोफा आणला तेव्हा त्यांनी तो कोपऱ्याकोपऱ्यात इतका दाबून पाहिला, की त्या मेहुण्याने पुढे बरेच महिने घरी बोलावले नाही. फक्त त्यांच्या स्वतःच्या दुकानात पाटी होती: 'माल उसवून पाहू नये.' दाबायला ना नव्हती. वरून दाबले तर सगळाच कापूस नवा लागतो.

मोटारसायकल हवी होती ती लेकीसाठी. लेक परिचारिका झाली होती आणि उताराखालच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती. येत्या एक तारखेला हजर व्हायचे होते. पूर्वी तिकडे बस जात असे. नव्या वेळापत्रकात ती छापायची राहून गेली, आणि छापलेली नाही म्हणून धावायचीही बंद झाली.

आता हा उतार समजून घ्यायला हवा. गाव टेकाडावर. तिथून रस्ता सरळ नाकासमोर खाली येतो आणि एकाएकी डावीकडे वळतो. जो वळत नाही त्याच्यासाठी समोर एका गोदामाची भिंत आहे. भिंत आधी की रस्ता आधी, हा वाद कोर्टात आहे. तोवर ज्यांना वळणे जमले नाही त्यांनी भिंतीवर आपापल्या खुणा ठेवल्या आहेत. दवाखाना भिंतीच्या बरोबर समोर आहे. जागा निवडणाऱ्याने फार दूरवरचा विचार केला होता.

म्हणून गादीवाल्यांची अट एकच होती. गाडी दिसायला कशीही असो, पण ब्रेक लागला पाहिजे.

विमावाल्यांची मोटारसायकल विकायची होती. विमावाले म्हणजे लोकांचे विमे उतरवणारे गृहस्थ, गावात कडक इस्त्रीबद्दल प्रसिद्ध. गाडीही तशीच होती, लाल टाकीची, पुसून लख्ख केलेली. गादीवाल्यांनी आधी सीट दाबली. भरणा चांगला होता. मग त्यांनी ब्रेकच्या पायडलवर पाय ठेवला. ओल्या कापसात पाय जावा तसे पायडल खाली गेले आणि परत वर यायचे विसरले.

गादीवाल्यांनी विमावाल्यांकडे पाहिले. विमावाल्यांनी आपल्या बाहीची घडी सारखी केली.

"गादीवाले, तुम्ही अजून पायानं गाडी बघता?" ते म्हणाले. "जमाना कुठं गेला. इतिहास बघा की."

गाड्यांतला जाणकार म्हणून मेहुणा बरोबर आला होता. त्याच्याकडे स्वतःची मोटारसायकल होती आणि तो ती रोज पुसत असे, एवढ्यावर तो जाणकार ठरला होता. त्याने विमावाल्यांचीच री ओढली. "दाजी, पाय म्हातारा झाला की त्याला सगळंच मऊ लागतं. केंद्रावर जाऊन इतिहास काढा. शिक्का कधी खोटं बोलतो का?"

पाय खोटा आणि शिक्का खरा, हे गादीवाल्यांना काही पटले नाही. पण दोघे जण एकच सांगतात म्हटल्यावर आपलेच काहीतरी चुकत असेल असे वाटण्याइतके ते सज्जन होते. ते केंद्रावर गेले.

वाहन तपासणी केंद्राच्या फाटकावर मोठी पाटी होती: 'वाहने आत आणू नयेत.' गादीवाल्यांनी ती वाचली, मागे सरकून केंद्राचे नाव वाचले आणि पुन्हा ती वाचली. दोन्ही पाट्या एकाच रंगाऱ्याने रंगवलेल्या होत्या, म्हणजे चूक नव्हती. आत फरसबंदी अंगण होते, कार्यालयाच्या दाराकडे किंचित उतरते. अंगणाच्या मधोमध ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवले होते आणि एक शिपाई त्याच्यावरची धूळ फडक्याने झटकत होता.

खिडकीवरच्या कारकुनाने इतिहास काढून दिला. इतका निष्कलंक इतिहास गादीवाल्यांनी कुठल्या माणसाचाही ऐकला नव्हता. दिवा, समाधानकारक. भोंगा, समाधानकारक. ब्रेक पुढचा, समाधानकारक. ब्रेक मागचा, समाधानकारक. दर वर्षी तेच, वर्षानुवर्षे. वाचता वाचता ते एका वर्षावर थांबले. त्या वर्षी ही गाडी विमावाल्यांनी चाके काढून विटांवर ठेवली होती, आणि ठेवली होती ती गादीवाल्यांच्याच दुकानाशेजारी. तिच्या हँडलवर त्यांनी स्वतः खोळी वाळत घातल्या होत्या.

"साहेब, त्या वर्षी गाडीला चाकं नव्हती," ते कारकुनाला म्हणाले.

"बरं मग?"

"ब्रेक समाधानकारक लिहिलाय."

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "काका, त्या वर्षभरात ती गाडी कुठं जाऊन धडकली?"

"नाही."

"न थांबता पुढं गेली?"

"कशी जाईल? विटांवर होती."

"मग तिच्यापेक्षा चांगला ब्रेक गावात कुणाचा होता ते सांगा," कारकून म्हणाला आणि त्याने चष्मा खाली घेतला.

गादीवाल्यांचा पाय घराकडे वळेना. त्यांनी साहेबांना भेटायचे ठरवले.

तपासणी अधिकारी मवाळ स्वभावाचे होते. लाकडी खुर्चीत ते जरा तिरके बसले होते. खुर्चीवरची गादी बसून बसून भाकरीसारखी चपटी झाल्याचे गादीवाल्यांच्या लगेच ध्यानात आले, पण ती वेळ धंद्याची नव्हती. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकले आणि पद्धत समजावून सांगितली. पूर्वी म्हणे प्रत्येक गाडी आत आणून तपासत. त्याने अंगणात गर्दी होई, धूर होई, तेल सांडे, आणि मुख्य म्हणजे गाड्यांमध्ये दोष सापडत. दोष सापडले की लोक भांडत. मग वरून परिपत्रक आले. आपल्या पूर्वजांनी शितावरून भाताची परीक्षा सांगितली आहे. अख्खे पातेले कोणी चिवडत बसत नाही. तर सर्व मोटारसायकलींच्या वतीने एक प्रतिनिधी मोटारसायकल ठेवावी, दर वर्षी तिची कसून तपासणी करावी आणि निघेल तो शेरा सगळ्यांना लागू करावा. ताडपत्रीखाली होती ती हीच. ती आणल्यापासून एकदाही चालवलेली नव्हती, त्यामुळे तिची प्रकृती उत्तम होती.

"शीत त्याच पातेल्यातलं लागतं ना पण?" गादीवाल्यांनी विचारले.

साहेबांनी या मुद्द्याची नोंद घेत असल्याचे सांगितले आणि घेतली नाही.

गादीवाले उठले नाहीत. लेकीला रोज त्या उतारावरून जायचे आहे, एवढेच ते सांगत राहिले. अंगावर येऊन वाद घालणारा माणूस साहेबांना हाताळता येत असे. नुसता बसून राहणारा येत नसे. शेवटी त्यांनी नियम चाळले, तेव्हा कोपऱ्यात एक तरतूद निघाली. एखाद्या नागरिकाचे इतिहासाने समाधान झाले नाही, तर त्याला हव्या त्या वाहनाची व्यक्तिशः तपासणी मागता येत होती. अडचण एवढीच, की अंगणात एकाहून अधिक वाहन आणायला मनाई होती. म्हणजे तपासणीपुरती प्रतिनिधी मोटारसायकल बाहेर काढून तिच्या जागी दुसरी उभी करावी लागणार, आणि त्या जागी जी उभी राहील ती, तेवढ्या वेळेपुरती, प्रतिनिधी.

"चालेल की," गादीवाले म्हणाले. ह्या दोन शब्दांचा पश्चात्ताप त्यांना पुढे पुष्कळ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिनिधी मोटारसायकल हलवायला माणसे लावावी लागली, कारण तिची चाके फरशीला चिकटली होती. मग विमावाल्यांची लाल गाडी फाटकातून आत आणली. फाटकातून गाडी आत आलेली पाहून शिपायाने सवयीप्रमाणे शिट्टी वाजवली. साहेब स्वतः गाडीवर बसले, हळूच दोन पावले पुढे गेले आणि त्यांनी ब्रेक दाबला. पायडल खाली गेले. गाडी थांबली नाही. उतरत्या फरशीवरून ती आपल्या गतीने, कसलीही घाई न करता, साहेबांना घेऊन कार्यालयाच्या दारातून आत गेली आणि कारकुनाच्या टेबलापाशी थांबली. टेबल मात्र थांबले नाही.

साहेब उठले, कपडे झटकले आणि त्यांनी गादीवाल्यांकडे फार दुःखाने पाहिले. ते प्रामाणिक अधिकारी होते. डोळ्यांदेखत, नव्हे, अंगाखालून घडलेली गोष्ट त्यांना नाकारता येईना. त्यांनी शेरा लिहिला: ब्रेक मागचा, असमाधानकारक.

गाडी त्या वेळी प्रतिनिधी होती. दुपारपर्यंत फाटकावर सूचना लागली: गावातील सर्व मोटारसायकलींचे मागील ब्रेक असमाधानकारक आढळले असून पुढील आदेशापर्यंत त्या चालवू नयेत.

दुसऱ्या दिवसापासून गाव पायी चालू लागले. दूध दुपारी येऊ लागले, पत्रे शिळी होऊन येऊ लागली, आणि रोज सकाळी धाप लागलेली माणसे गादीवाल्यांच्या दुकानासमोरून जाताना मुद्दाम सावकाश जाऊ लागली. मेहुणा घाम पुसत दुकानात येऊन बसला.

"दाजी, मी इतिहास बघा म्हटलं होतं," तो म्हणाला. "गाडी बघा असं कुणी म्हटलं होतं?"

विमावाल्यांनी तर बसायलाही नकार दिला. रस्त्यावरून गाड्या गेल्या म्हणजे भिंतीवर खुणा झाल्या, खुणा दिसल्या म्हणजे लोकांना मरणाची आठवण झाली, आणि आठवण झाली की ते विमा काढत. आठवडा झाला, एक गिऱ्हाईक नाही. "तुम्ही त्या पायडलवर पाय ठेवलात असं तुम्हाला वाटतं," ते उभ्या उभ्या म्हणाले. "तुम्ही माझ्या पोटावर पाय ठेवलात." त्या दिवशी त्यांच्या शर्टाला इस्त्री नव्हती, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते बाजाराला कळले.

गादीवाल्यांनी तोडगा सुचवला. ब्रेकच झिजला असेल तर मेकॅनिककडून नवा लायनर बसवून घेतो, म्हणजे गाडी थांबेल आणि तक्रारही. साहेबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. ती गाडी आता सगळ्या गावाचे प्रतिनिधित्व करत होती. गावातल्या सगळ्या गाड्यांचा ब्रेक नोंदीप्रमाणे नादुरुस्त. एकटीचाच दुरुस्त केला तर ती इतरांपेक्षा वेगळी होणार. वेगळी झाली की प्रतिनिधी राहणार नाही. आणि प्रतिनिधी नसलेल्या गाडीची तपासणी कोणत्या नियमाखाली करायची? दुरुस्त करायचे तर सगळ्यांचे करावे लागतील. तसे गावाला विचारून पाहिले. गाव म्हणाले, आमचे ब्रेक चांगले आहेत, इतिहास बघा.

एवढ्यावर भागले असते तर गादीवाल्यांनी दातांवर दात ठेवून सोसले असते. पण दवाखान्याचे पत्र आले. गावात गाड्या बंद झाल्यापासून भिंतीला कोणी आलेले नसल्याने खाटा रिकाम्या आहेत, डॉक्टर स्वतःचीच नाडी पाहत बसतात, सबब रुग्णसंख्या पूर्ववत होईपर्यंत नव्या परिचारिकेची नेमणूक स्थगित ठेवण्यात येत आहे. एक तारखेपर्यंत परिस्थितीत सुधारणा न झाल्यास ती रद्द समजावी.

त्या पत्रातला 'सुधारणा' हा शब्द गादीवाल्यांनी बराच वेळ पाहिला.

संध्याकाळी लेक नव्या पांढऱ्या गणवेशाला इस्त्री करत होती, रोज करत होती. ह्या नेमणुकीसाठी तिने काय काय केले होते ते घरातल्या भिंतींना माहीत होते. परीक्षा दोनदा हुकली होती. हातावर सुया टोचून घेऊन सराव केला होता, आणि एकदा चुकून बापाच्या हातावरही केला होता. साहेब म्हणाले होते, वाट एकच आहे. ज्याचे समाधान झाले नव्हते त्यानेच येऊन, ब्रेक दाबून, समाधान झाले म्हणून लिहून द्यायचे. म्हणजे शेरा फिरेल.

"मी नाही देणार," गादीवाले म्हणाले. "तू रोज त्या भिंतीकडे जाणार. माझ्या सहीवर."

लेकीने इस्त्री उभी ठेवली. "बाबा, नाही दिलीत तर मी जाणारच नाही. भिंतही नाही आणि दवाखानाही नाही."

"हातपाय शाबूत राहतील."

"शाबूत हातपाय घेऊन घरात बसून काय करू? तुमच्या गाद्यांवर उड्या मारू?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? आपल्या दुकानात कुणाला उसवून बघू देता का तुम्ही? नवा कापूस म्हणून चिठ्ठी शिवता, लोक झोपतातच ना? कुणी उठून तक्रार केली?"

"झोपेत गादी भिंतीला जाऊन धडकत नाही," गादीवाले म्हणाले. पण आवाज उतरला होता. बायकोने नेमके टाक्यावर बोट ठेवले होते.

शेरा फिरवण्याचा कार्यक्रम केंद्राच्या अंगणात झाला. गाव लोटले होते. प्रत्येकाने आपापली मोटारसायकल फाटकाबाहेर, किल्ली लावून, तयार ठेवली होती. मेहुण्याने तर इंजिन सुरूच करून ठेवले होते. लाल गाडी मधोमध उभी होती. तिच्या पुढच्या चाकासमोर शिपायाने खबरदारी म्हणून एक वीट ठेवली होती. गादीवाल्यांनी पायडलवर पाय ठेवला. पाय खाली गेला, तसाच, ओल्या कापसात जावा तसा. अंगणात एवढी शांतता होती की पायडल तळाला टेकल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. सगळे वीट सोडून दुसरीकडे पाहत होते.

गादीवाल्यांनी लेकीकडे पाहिले. ती गणवेश घालूनच आली होती.

"समाधान झालं," ते म्हणाले.

टाळ्या त्यांनी ऐकल्या नाहीत, कारण त्याआधीच इंजिने सुरू झाली होती. सगळ्या गावाचे ब्रेक एका क्षणात दुरुस्त झाले. विमावाल्यांनी पुढे येऊन गाडीचे पैसे मोजून घेतले, गादीवाल्यांचा हात हातात घेतला आणि गाडीबरोबर लेकीचा विमाही उतरवून टाकावा असे आपुलकीने सुचवले.

आता तरी मेकॅनिककडे जावे म्हणून गादीवाले गाडी ढकलत तिकडे गेले. मेकॅनिकने दुकानाचे शटर अर्धे ओढून घेतले. "काका, शेरा समाधानकारक आहे. चांगला ब्रेक मी उघडला, म्हणजे सरकारी शेऱ्यावर अविश्वास दाखवला. माझा परवाना जाईल." असे म्हणून त्याने शटर पूर्ण ओढले.

एक तारखेला दोन दिवस उरले होते. गादीवाल्यांनी दुकान बंद ठेवले आणि आत बसून एकच काम केले. चांगली जाड खोळ शिवली. आजवर जपून ठेवलेला, कोणाला न दाखवलेला, सरकी नसलेला नवा कापूस पिंजून तो भरला. दाभणाने टाके घातले ते असे, की बायको येऊन दोनदा पाहून गेली. एक तारखेला सकाळी त्यांनी ती गादी हातगाडीवर घालून उताराखाली नेली आणि भिंतीवर, जिथे खुणा सगळ्यांत दाट होत्या तिथे, खिळे ठोकून टांगली. मग बाजूला उभे राहिले.

लेक उतारावरून आली. वरून निघाली तेव्हा ती सरळ बसली होती, मध्ये आली तेव्हा जरा वाकली होती, आणि खाली येईपर्यंत तिने दोन्ही पाय रस्त्यावर घासायला घेतले होते. गाडी वळली नाही. ती गादीत घुसली, गादीने तिला आत घेतले, जरा वेळ विचार केला आणि हळूच रस्त्यावर ठेवून दिले.

गादीवाले धावले. लेक उठून बसली. टोपी वाकडी झाली होती. तिने आधी बोटे हलवून पाहिली, मग गुडघे, एक एक, शिकवल्याप्रमाणे. मग तिने मागे हात नेऊन गादी दाबली.

"चांगली आहे, बाबा. नवा कापूस?"

"नवा."

"खरंच?"

"आत सगळा," गादीवाले म्हणाले. "उसवून बघ हवं तर."

ती रस्ता ओलांडून दवाखान्यात हजर झाली. वेळेत.

असे आठ-पंधरा दिवस गेले. मग भिंतीला येणारे लोक उठून, कपडे झटकून, घरी जाऊ लागले, तेव्हा डॉक्टर पुन्हा नाडी पाहत बसायला लागले आणि बोभाटा झाला. केंद्राचे लोक येऊन पाहून गेले. भिंत ही रस्त्याची सोय असल्याने तिच्यावरच्या गादीची तपासणी व्हायला हवी होती, आणि तपासणीसाठी गादी केंद्रात हवी होती. ती नेली. तपासली. उत्तम निघाली. तेव्हा गावातल्या सगळ्या भिंतींची प्रतिनिधी म्हणून ती कायमची केंद्रात ठेवून घेण्यात आली, आणि नोंद झाली: भिंती, सर्व, मऊ, समाधानकारक. अंगणात पावसाने खराब होऊ नये म्हणून ती साहेबांच्या खुर्चीवर घालून ठेवली आहे. साहेब आता सरळ बसतात.

गादी गेली त्याच आठवड्यात मेकॅनिक भिंतीला आला. स्वतःचाही ब्रेक त्याने शेऱ्याच्या भीतीने कधी उघडला नव्हता. गादीवाल्यांच्या लेकीने त्याचा डावा हात प्लॅस्टरमध्ये बांधला, आणि बांधताना त्याला एवढेच म्हणाली, "दादा, उजवा हात चालतोय ना?" चालत होता. चार दिवसांनी त्याने शटर आतून लावून, चोरीचा माल लपवावा तशा घाईने, लाल गाडीला नवा लायनर बसवला. कोणाला सांगू नका म्हणून त्याला गादीवाल्यांपुढे हात जोडता येईनात, म्हणून एकच हात वर केला.

आज त्या गावात खरोखर थांबणारी मोटारसायकल एकच आहे. कुठली, ते इतिहासावरून ओळखू येणार नाही. सगळ्यांचा इतिहास सारखाच आहे. दुकानातली ती पाटी गादीवाल्यांनी काढून टाकली, तर गिऱ्हाइके बिचकून परत जाऊ लागली. उसवून बघा म्हणतो म्हणजे मालात काहीतरी खोट असणार. शेवटी बायकोने पाटी पुन्हा लावली आणि धंदा पूर्ववत झाला.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली ते पोट धरून हसले. कसले गाव, कसले साहेब, म्हणाले. मग घरी जायला निघाले, गाडीला किल्ली लावली आणि गेले. निघण्यापूर्वी ब्रेक दाबून पाहिलेला अजून एकही जण दिसला नाही. तुम्हीही आता हसून उठाल. गाडी खालीच उभी असेल. तिचा इतिहास चांगलाच असणार, त्याबद्दल शंका नाही.